शस्त्र, संकट आणि जबाबदारी

आमच्या एका स्नेह्यांची कन्या लग्नानंतर अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत स्थायिक झाली आहे. मध्यंतरीं ती आपल्या सात वर्षांच्या मुलीस घेऊन माहेरीं आली असतां आमचें त्यांच्या घरीं जाणें झालें. मुलगी मोठी चुणचुणीत. आजोबांनीं तिला सहज शाळेंतील गमती विचारल्या, तेव्हां इतर अनेक गोष्टींबरोबर तिनें एका कवायतीचीही हकीकत सांगितली. "सूचना झाली कीं बाई दिवे मालवतात नि दाराला कुलूप घालतात. मग आम्ही सगळीं कोपऱ्यांत भिंतीला टेकून गप्प बसतों. खोकायचें सुद्धां नाहीं."

"असें कां ग?" आजोबांनीं विचारलें.

"अहो आजोबा, कोणी बंदूक घेऊन आला, तर त्याला वाटलें पाहिजे ना, कीं वर्गांत कोणीच नाहीं!"

"आणि तुमच्या बाई कोठें बसतात?"

"बाई बसत नाहींत. त्या दाराशीं उभ्या राहतात."

एवढें सांगून ती पोर खेळावयास निघून गेली. आम्ही मोठीं माणसें मात्र कांहीं वेळ एकमेकांकडे न पाहतां बसून राहिलों. शाळांतून आगीची कवायत असते, भूकंपाच्या प्रदेशांत भूकंपाचीही असते. पण माणसाच्या मुलांनीं माणसापासून लपण्याची कवायत करावी, आणि पाढे म्हणावे इतक्या सहजपणें ती सांगावी, हें ऐकून मन विषण्ण झालें. परंतु त्याहूनही अधिक काळ आमच्या मनांत घर करून राहिलें, तें त्या मुलीचें शेवटचें वाक्य. आमचा व्यवसाय शिक्षकाचा. वर्गाचें दार आम्हीं आजवर उशिरां येणाऱ्या विद्यार्थ्यांस अडविण्यापुरतेंच वापरलें आहे. संकटसमयीं दाराशीं उभें राहणें हा शिक्षकाच्या कर्तव्याचा भाग आहे काय? असल्यास तो त्याच्यावर कोणीं ठेवला? आणि तसा प्रसंग आलाच, तर आम्ही तेथें उभे राहूं काय?

हा प्रश्न परदेशाचा आहे असें म्हणून तो टाळतां येण्यासारखा नाहीं. १६ एप्रिल २००७ रोजीं व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांत एका विद्यार्थ्यानें ३२ जणांचा बळी घेतला. त्यांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनी होती, आणि मूळचे तमिळनाडूचे, स्थापत्यशास्त्र शिकविणारे एक प्राध्यापकही होते. आज आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें त्या देशांतील शाळा-कॉलेजांत शिकत आहेत. पण तीं तेथें नसतीं, तरीही प्रश्न आपलाच राहिला असता. कारण तो अमेरिकेपेक्षां माणसाच्या जबाबदारीविषयीं अधिक आहे.

अशा गोळीबाराची वार्ता आली म्हणजे सर्वत्र एकच वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, बंदुका फार झाल्या; दुसरा म्हणतो, सज्जनांच्या हातीं त्या फार थोड्या आहेत. या वादांत भाग घेणाराला शेवटीं हटकून एक वाक्य सुचतें: "मी तेथें असतों तर..." हें वाक्य पुरें करण्यास धैर्य लागत नाहीं, खुर्ची पुरते. नीट पाहिलें तर दोन्ही पक्षांच्या नजरेसमोर चित्र एकच असतें: आंत शिरलेला मारेकरी, आणि त्याच्यासमोर उभा असलेला कोणी एक. त्या कोणी एकाच्या हातीं त्या क्षणीं काय असावें, एवढाच काय तो मतभेद. आमच्या मतें हें चित्रच अपुरें आहे. संकटकाळची जबाबदारी संकटाच्या क्षणीं जन्मास येत नाहीं. तिचा बहुतेक भाग त्यापूर्वींच, निवांत वेळीं, कोणाच्या तरी हातून पाळला गेलेला किंवा मोडला गेलेला असतो. हें कसें, तें पाहूं.

प्रथम शस्त्रधारी पक्षाला न्याय दिला पाहिजे. अमेरिकन लोकांचें शस्त्रप्रेम हा आपल्याकडे थट्टेचा विषय होतो. त्या देशांतील नागरिकांपाशीं २०१७ सालीं सुमारें ३९ कोटी बंदुका असाव्यात, म्हणजे माणशीं एकीहून अधिक, असा अभ्यासकांचा अंदाज आहे; आणि हा आंकडा ऐकून आपण हंसतों. पण शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांच्या घटनेंत १७९१ सालीं समाविष्ट झाला, तो राजसत्तेशीं लढून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लोकांच्या हातून. आणि स्वसंरक्षणार्थ घरांत बंदूक ठेवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा निर्णय त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. आपल्या वाडवडिलांनाही हा विचार परका नव्हता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसाला निःशस्त्र केलें, याची त्यांना नामुष्की वाटे. आणि १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद केलेला होता. स्वतंत्र भारताच्या घटनेंत तो आला नाहीं, आणि १९५९ च्या कायद्यानें बंदूक परवान्याच्या कक्षेंतच ठेवली, ही गोष्ट निराळी. तेव्हां शस्त्राची इच्छा म्हणजेच दुष्टपणा, असें समीकरण मांडून मोकळें होणें बरोबर नाहीं.

सशस्त्र नागरिकानें प्राण वाचविल्याचीं उदाहरणेंही खोटीं नाहींत. जुलै २०२२ मध्यें इंडियाना राज्यांतील ग्रीनवुड गांवच्या एका बाजारसंकुलांत एकानें गोळीबार करून तिघांना ठार केलें. तेथें आलेल्या बावीस वर्षांच्या एका तरुणानें आपल्या पिस्तुलानें कांहीं सेकंदांतच त्याला खालीं पाडलें. अधिक माणसें मेलीं असतीं, तीं वाचलीं. पण त्याच्या आदल्याच वर्षीं, जून २०२१ मध्यें, कोलोरॅडोंतील आरव्हाडा गांवीं काय घडलें तेंही पाहावें. एका इसमानें भर रस्त्यांत एका पोलिसास ठार केलें. जवळच्या दुकानांतून एक नागरिक पिस्तुल घेऊन धांवला, त्यानें मारेकऱ्यास गोळ्या घालून पाडलें, आणि त्याची रायफल स्वतःच्या हातीं घेतली. इतक्यांत दुसरा पोलीस तेथें आला, आणि रायफल हातीं असलेला हा मनुष्य म्हणजेच मारेकरी, असें समजून त्यानें त्याला गोळी घातली. ग्रीनवुडचा तरुण आणि आरव्हाडाचा नागरिक यांचें धैर्य एकच होतें. फरक फक्त दैवाचा. शस्त्र हातीं आल्यानें माणसाची शक्ति वाढते. पण त्याचा हेतु कांहीं कपाळावर उमटत नाहीं.

शिवाय घरांत येणारी बंदूक अशा प्रसंगाची वाट पाहत स्वस्थ बसत नाहीं. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळां मारणारा व मरणारा एकच होता. ज्या परक्याच्या भयानें पिस्तुल उशाशीं ठेवावें, तो परका बहुधा येतच नाहीं. पिस्तुल मात्र राहतें. आणि घरांतल्याच एखाद्या जीवाच्या काळ्या रात्रीं तें हाताशीं सांपडतें. शस्त्राची मालकी ही एकदां केलेली खरेदी नसून रोजचा पहारा आहे, ही गोष्ट विकत घेतांना फार थोड्यांच्या ध्यानांत येते.

आतां शस्त्र, शिक्षण, वेतन आणि अधिकार हीं चारही ज्यांच्यापाशीं होतीं, त्यांचें उदाहरण घेऊं. २४ मे २०२२ रोजीं टेक्ससमधील युव्हाल्डी गांवच्या प्राथमिक शाळेंत अठरा वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन शिरला. त्यानें १९ मुलें व २ शिक्षिका यांचे प्राण घेतले. पहिले पोलीस कांहीं मिनिटांतच आंत पोंचले होते. गोळ्या येतांच ते मागें हटले. पुढें त्या जागीं निरनिराळ्या खात्यांचे मिळून ३७६ अधिकारी जमले, आणि तरीही मारेकरी शाळेंत शिरल्यापासून त्याचा शेवट होईपर्यंत ७७ मिनिटें गेलीं. त्या अवधींत आंतून मुलें दूरध्वनीवरून मदत मागत होतीं. बाहेर आईबाप आक्रोश करीत होते, आणि आंत धांवूं पाहणाऱ्या त्या निःशस्त्र आईबापांस अडविण्याचें काम मात्र पोलिसांनीं केलें. अशा वेळीं थांबूं नये, जो प्रथम पोंचेल त्यानें आंत जावें, हा धडा नवा नव्हता. १९९९ सालीं कोलोरॅडोंतील कोलंबाइन शाळेंत १३ जणांचा बळी गेला, तेव्हां पोलिसांनीं विशेष पथकाची वाट पाहिली होती. तेव्हांपासून तो त्या देशांत शिकविला जात आहे. टेक्ससच्या विधिमंडळाच्या समितीनें पुढें चौकशी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, हुकूम कोणाचा चालावयाचा हेंच तेथें ठरलेलें नव्हतें. योजनेप्रमाणें ज्या अधिकाऱ्यानें सूत्रें हातीं घ्यावयाचीं, त्याचें म्हणणें पडलें, कीं आपण स्वतःस प्रमुख समजत नव्हतों.

या हकीकतींत आम्हांस जी गोष्ट सर्वांत भयंकर वाटते, ती भीति नव्हे. एकटा मनुष्य भितो, तेव्हां निदान आपण भ्यालों हें त्याला कळतें. समुदाय भितो, तेव्हां प्रत्येकास वाटतें कीं आपण हुकुमाची वाट पाहत आहों. जबाबदारी ३७६ जणांत वांटली गेली, आणि वांटतां वांटतां नाहींशी झाली.

येथें कायद्यानें काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं फ्लॉरिडांतील पार्कलंड गांवच्या हायस्कुलांत १७ जण मारले गेले. शाळेच्या रक्षणार्थ नेमलेला सशस्त्र अधिकारी त्या वेळीं इमारतीबाहेरच राहिला. त्याच्यावर खटला झाला. गोळ्या नेमक्या कोठून झाडल्या जात आहेत हें आपणांस कळलें नाहीं, असा त्याचा बचाव होता. जून २०२३ मध्यें ज्यूरीनें त्यास निर्दोष ठरविलें. आतां दुसरा खटला. मिशिगन राज्यांतील ऑक्सफर्ड गांवीं ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं पंधरा वर्षांच्या एका मुलानें आपल्या शाळेंतील चौघांना ठार केलें. चारच दिवसांपूर्वीं त्याच्या बापानें पिस्तुल विकत आणलें होतें. त्या दिवशीं सकाळीं मुलाच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचें चित्र, आणि मदतीची याचना करणारे शब्द शिक्षकांच्या दृष्टीस पडले. आईबापांना बोलावणें गेलें. तीं दोघें आलीं. मुलास घरीं नेण्याविषयीं सुचविण्यांत आलें असतां त्यास तेथेंच ठेवून परत गेलीं. पिस्तुलाविषयीं तीं कांहीं बोललीं नाहींत. शाळेनेंही मुलाचें दप्तर उघडून पाहिलें नाहीं. पिस्तुल त्या दप्तरांतच होतें. २०२४ सालीं त्या आईला व बापाला, प्रत्येकीं, दहा ते पंधरा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

हातीं शस्त्र असून इमारतीबाहेर थांबलेला मनुष्य सुटला. आणि त्या वेळीं शाळेंत नसलेल्या दोन माणसांना शिक्षा झाली. प्रथमदर्शनीं हा न्याय उफराटा वाटतो. आम्हांसही वाटला. परंतु अधिक विचार करतां त्यांत एक मोठें तत्त्व आहे असें आमच्या ध्यानांत आलें. भय माणसाला विचारून येत नाहीं. गोळ्यांच्या आवाजानें ज्याचें शरीर जागच्या जागीं थिजलें, त्याला आपण धिक्कारूं शकूं. पण त्या वेळीं त्याच्यापाशीं विचार करण्यास किती क्षण होते, हें मोजतांना आपला स्वतःचा हातही थरथरला पाहिजे. हयगयीचें तसें नाहीं. हयगय माणूस रोज सकाळीं उठून, चहा घेऊन, शांत चित्तानें करीत असतो. त्या आईबापांपाशीं क्षण नव्हते, दिवस होते. आणि करावयाचें होतें तें शौर्याचें काम नव्हतें. पिस्तुल कुलुपांत ठेवणें, खरें बोलणें, आणि एका दुःखी मुलाचा हात धरून त्याला घरीं नेणें, एवढेंच तें काम.

याचा अर्थ असा नव्हे, कीं रक्षकाचा दोष धुवून निघाला. कायद्यानें सोडलें म्हणून नीतीनें सोडलें, असें होत नाहीं. ज्यानें रक्षणाची नोकरी पत्करली, त्यानें पळून जाण्याचा आपला हक्क पगाराच्या बदल्यांत आधींच देऊन टाकलेला असतो. पण त्याचीही जबाबदारी त्या दाराशीं सुरू झाली नव्हती. आपण हें काम करूं शकूं काय, असा प्रश्न नोकरी घेतांना, आणि पुढें प्रत्येक वर्षीं, स्वतःस विचारणें हा तिचा आरंभ. आणि ज्यांनीं त्यास नेमलें, त्यांनींही तो विचारावयास हवा होता.

हा विचार पाश्चात्य न्यायालयांनीं नव्यानें शोधून काढला, असें मात्र कोणीं समजूं नये. महाभारताच्या सौप्तिक पर्वांत तो फार स्पष्टपणें आलेला आहे. युद्ध संपल्यावर, रात्रीं, झोपलेल्या शिबिरांत शिरून अश्वत्थाम्यानें जो संहार केला, तो सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच पर्वांत श्रीकृष्ण धर्मराजास जी मागची हकीकत सांगतो, तिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. द्रोणाचार्यांनीं ब्रह्मशिर नांवाचें अस्त्र अर्जुनास दिलें, तें पाहून अश्वत्थाम्यानें बापापाशीं हट्ट धरला. मुलगा चंचल आहे, सन्मार्गावर टिकणारा नव्हे, हें बापाला पुरतें ठाऊक होतें. तरी त्यानें, मन प्रसन्न नसतां, अस्त्र दिलें; आणि वर बजावलें, कीं कितीही मोठी आपत्ति आली तरी हें माणसांवर टाकूं नकोस. पुढें अश्वत्थाम्यानें तें टाकलें. अर्जुनास स्वतःचें अस्त्र आवरतां आलें, अश्वत्थाम्यास आवरतां येईना. आणि तें उत्तरेच्या गर्भावर पडलें. द्रोण तेव्हां हयात नव्हते. पण जो गर्भ त्या दिवशीं जळाला, त्याच्या मृत्यूचा आरंभ आश्रमांतल्या त्या निवांत घटकेंत झाला होता, जेव्हां एका विद्वान् पित्यानें पारख केली, शंका घेतली, उपदेशही केला, आणि तरी अस्त्र दिलें. उपदेश हा कुलुपाची जागा घेऊं शकत नाहीं.

त्याच रात्रीं आणखी एक मनुष्य होता, कृपाचार्य. हें कृत्य अधर्माचें आहे, असें त्यांनीं भाच्याला परोपरीनें सांगून पाहिलें. मग तेही त्याच्यामागून गेले. आणि शिबिराच्या दाराशीं, पळून जाणारांस मारण्यासाठीं, कृतवर्म्यासह उभे राहिले. दाराशीं उभें राहण्याचा हाही एक प्रकार आहे.

द्रोणाचार्यांची हीच चूक आमच्याच काळांत पुन्हां घडली आहे. टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहरीं २२ एप्रिल २०१८ रोजीं पहाटे एका उपाहारगृहांत एका तरुणानें चौघांना ठार केलें. त्याच्या बंदुका इलिनॉयमधील अधिकाऱ्यांनीं आदल्या वर्षींच त्याच्याकडून काढून बापाच्या स्वाधीन केल्या होत्या. बापानें त्या मुलास परत दिल्या. २०२२ सालीं न्यायालयानें त्या बापासही दोषी ठरविलें. टेक्ससमधील सदरलंड स्प्रिंग्ज गांवच्या प्रार्थनामंदिरांत ५ नोव्हेंबर २०१७ रोजीं २६ जणांचा बळी गेला, त्याची कथा याहून साधी आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगी आहे. मारेकरी पूर्वीं हवाई दलांत असतां घरच्या माणसांवर हात टाकल्याबद्दल लष्करी न्यायालयांत दोषी ठरला होता. ती नोंद सरकारी यादींत गेली असती, तर दुकानदारानें त्याला बंदूक विकली नसती. नोंद पाठविली गेली नाहीं. २०२१ सालीं न्यायाधीशानें या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर ठेवली. त्या दिवशीं शेजारच्या एका गृहस्थानें गोळ्यांचा आवाज ऐकून अनवाणी धांवत येऊन आपल्या रायफलीनें मारेकऱ्याशीं सामना दिला व त्यास पळवून लावलें. त्याच्या धैर्यास आमचा प्रणाम असो. त्या अनवाणी गृहस्थाचें नांव देशभर झालें. ज्या मेजांवरून तो कागद पुढें गेला नाहीं, त्यांवर काम करणारांचीं नांवें कोणी विचारीत नाहीं. पण ते प्राण वाचविणें कोणाच्या हातीं अधिक होतें?

येथवरचें वाचून कोणी म्हणेल, कीं हें सारें भ्याडांच्या सोयीचें तत्त्वज्ञान झालें. जबाबदारी कुलुपें व कागद यांवर ढकलली, म्हणजे ऐन वेळीं दाराशीं उभें राहण्यापासून सुटका. हा आक्षेप आम्हीं स्वतःवरही घेऊन पाहिला आहे, आणि त्याचें उत्तर ज्यांनीं तें केलें त्यांच्याकडे पाहूनच देतां येईल.

नॅशव्हिलच्या त्या उपाहारगृहांत जेम्स शॉ नांवाच्या तरुणानें, मारेकरी क्षणभर थांबलेला पाहून, त्याच्यावर झडप घातली व तापलेली रायफल नुसत्या हातांनीं हिसकावून घेतली. लोकांनीं त्यास वीर म्हटलें. तो म्हणाला, मी वीर नाहीं, मी माझा जीव वाचवीत होतों. पुढें त्यानें मृतांच्या कुटुंबीयांसाठीं दोन लाख डॉलरांहून अधिक निधि जमविला. व्हर्जिनिया टेकमध्यें लिव्हिउ लिब्रेस्कू नांवाचे ७६ वर्षांचे प्राध्यापक होते. जन्मानें रुमानियन ज्यू, आणि बालपणीं नाझी काळांतील छळांतून वांचलेले. गोळीबार जवळ आला, तेव्हां त्यांनीं वर्गाचें दार स्वतःच्या शरीरानें दाबून धरलें. विद्यार्थी खिडक्यांतून बाहेर पडले, आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व वांचले. प्राध्यापक वांचले नाहींत.

आमच्या मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं जो प्रसंग आला, तो निराळ्या जातीचा. तो एका वेड्याचा उद्रेक नसून कट होता. पण दाराशीं उभें राहण्याचा प्रश्न तेथेंही तोच होता. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर विष्णु झेंडे हे उद्घोषक आपल्या खोलींतून खालचा प्रकार पाहत होते. ते तेथेंच बसून राहिले, आणि कोणत्या बाजूनें बाहेर पडावें हें प्रवाशांना ध्वनिक्षेपकावरून पुनः पुनः सांगत राहिले. गिरगांव चौपाटीवर पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे हातीं केवळ काठी असतां पुढें झाले व त्यांनीं कसाबच्या रायफलीची नळी घट्ट धरली. गोळ्या लागल्या तरी त्यांनीं ती सोडली नाहीं. ते गेले, पण मारेकरी जिवंत सांपडला.

या उदाहरणांत एक गोष्ट सारखी दिसते. उद्घोषकानें त्या रात्रीं केलें तें काय? उद्घोषणाच. प्राध्यापकानें काय केलें? आपला वर्ग सांभाळला. पोलिसानें काय केलें? गुन्हेगारास पकडलें. रोज जें करीत होते, तेंच त्यांनीं त्या क्षणीं पुढें चालू ठेवलें; किंमत तेवढी निराळी पडली. धैर्याचीं मुळें सुद्धां निवांत वेळींच रुजलेलीं असतात, असें यावरून आम्हांस वाटतें. ज्यानें रोजचें काम अर्ध्या मनानें केलें, त्याला ऐन क्षणीं तें पूर्ण मनानें करतां येईल, हा भरंवसा कोणीं धरावा?

तेव्हां आमच्या मतें येथें दोन गोष्टी निरनिराळ्या ठेविल्या पाहिजेत: ऋण आणि दान. शस्त्र घरांत आणलें कीं तें कुलुपांत ठेवणें, अयोग्य हातांत न देणें, कागद वेळेवर पाठविणें, पाहिलेली खूण न लपविणें, पत्करलेलें काम झेपतें कीं नाहीं हें स्वतःशीं खरें बोलणें, हें सर्व ऋण आहे. तें फेडलें म्हणून कोणाचा सत्कार होत नाहीं. पण तें मागण्याचा समाजास हक्क आहे, आणि न फेडणारास शिक्षा करण्याचाही. निःशस्त्र माणसानें दाराशीं उभें राहणें हें दान आहे. तें मिळालें तर आपण मस्तक नमवावें. पण तें कोणाकडूनही हक्कानें मागूं नये. वैयक्तिक जबाबदारी हा शब्द शस्त्रधारी पक्षाच्या तोंडीं नेहमीं असतो, आणि शब्द खरा आहे. पण ते ती मारेकऱ्याच्या बोटापाशीं सुरू करतात व तेथेंच संपवितात. बंदूक त्या बोटापर्यंत ज्या ज्या हातांतून आली, ते हातही व्यक्तींचेच असतात. आणि कायद्यानें सर्व साधतें असें मानणाऱ्या पक्षासही आम्ही सांगूं, कीं कायदा म्हणजे या ऋणाची सामुदायिक वसुली होय. ती उपयोगी पडते, पण प्रत्येकाची सावधगिरी तिच्यानें विकत मिळत नाहीं. ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं पोर्ट आर्थर येथें ३५ माणसें मारलीं गेल्यावर कायदे कडक झाले, आणि सुमारें साडेसहा लाख बंदुका सरकारनें भरपाई देऊन परत घेतल्या. त्या देशाचें तें करणें शहाणपणाचें होतें. तरीही डिसेंबर २०२५ मध्यें सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर पुन्हां मोठें हत्याकांड झालेंच.

आतां त्या सात वर्षांच्या मुलीच्या वाक्याकडे वळूं. बाई दाराशीं उभ्या राहतात. त्या बाईंना आम्ही पाहिलेलें नाहीं. पण त्या कवायतीचा खरा अर्थ आतां आम्हांस कळतो. ज्यांनीं ऋण फेडावयाचें, त्यांनीं तें फेडलें नाहीं, म्हणून जिच्याकडून कांहींच येणें नव्हतें, तिच्याकडे समाज पुनः पुनः दानाची तालीम मागत आहे. ऋणको स्वस्थ झोपतात, आणि दान देण्यास शिक्षिकेनें उभें राहावयाचें. जो समाज आपल्या शिक्षकांच्या संभाव्य बलिदानावर आपलें वेळापत्रक आंखतो, त्यानें त्यांच्या धैर्याची स्तुति करण्यापूर्वीं क्षणभर लाज बाळगावी.

आणि आम्ही? प्रसंग आलाच तर आम्ही उभे राहूं काय, या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर, आम्हांस ठाऊक नाहीं, हेंच आहे. ज्यास तें आधींच ठाऊक आहे असें वाटतें, त्याच्याविषयीं आम्हांस शंका येते. पण दुसऱ्या एका प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि तें आम्हांस भूषणावह नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मागच्या बाकावर एक विद्यार्थी महिनोनमहिने कोणाशीं एक शब्द न बोलतां बसे. त्याला एकदां थांबवून विचारावें, असें दोनतीनदां आमच्या मनांत आलें. तास संपे, आम्ही वही मिटून निघून जात असूं. मग तो येईनासा झाला. आम्हीं हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण केली, आणि तीही नीटनेटक्या अक्षरांत केली. बहुधा त्याचें कांहींच वाईट झालें नसेल. पण तें आम्हीं विचारलें नाहीं, ही गोष्ट त्यानें बदलत नाहीं.

त्या दिवशीं स्नेह्यांच्या घरून परत आल्यापासून आम्हीं एक लहानशी संवय लावून घेतली आहे. तास संपला म्हणजे आम्ही प्रथम बाहेर पडत नाहीं. दाराशीं जाऊन उभे राहतों, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे एकदां पाहतों. कोणी विचारतो, सर, कांहीं काम आहे काय? आम्ही म्हणतों, नाहीं, सहज. शेवटचा विद्यार्थी गेल्यावर मग आम्ही दिवा मालवतों.